कारण, दोष आणि दायित्व : मलकोवाल प्रकरणाच्या भाषेची चिकित्सा

वैद्यक आणि कायदा या दोन शास्त्रांची गाठ ज्या ठिकाणी पडते त्या ठिकाणी भाषेची परीक्षा सर्वांत कठोर होते. वैद्यकाला कारण हवे असते. कायद्याला कर्ता हवा असतो. एखाद्या साथीत किंवा लसटोचणीच्या मोहिमेत माणसे दगावली की ‘हे कशाने झाले’ आणि ‘हे कोणी केले’ असे दोन प्रश्न एकदम उभे राहतात. लोकभावनेच्या रेट्याखाली, आणि पुष्कळदा शासनाच्या सोयीसाठीही, त्यांचे उत्तर एकाच वाक्यात दिले जाते. १९०२ सालच्या मलकोवाल दुर्घटनेचे लिखित साहित्य या दृष्टीने अभ्यासनीय आहे. त्यात चौकशीचा अहवाल आहे, त्या अहवालाचे खंडन आहे, आणि पुढे शंभरांहून अधिक वर्षे चरित्रलेखांतून झालेले त्या घटनेचे पुनर्कथन आहे. या तिन्ही थरांत कर्त्याची जागा कशी बदलत गेली हे पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

१

घटना थोडक्यात अशी. मुंबईत १८९६च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात वाल्देमार हाफकिन मुंबईस आले आणि ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील अपुऱ्या जागेत त्यांनी प्लेगच्या लशीचे काम सुरू केले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. १८९९मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात गेली. पंजाबात प्लेग पसरल्यावर तेथून लशीची मागणी फार मोठ्या प्रमाणावर होऊ लागली. ती भागविण्यासाठी लस तयार करण्याची पद्धत बदलण्यात आली. पूर्वी जंतू उष्णतेने मारून लशीत अर्धा टक्का कार्बोलिक आम्ल मिसळीत असत. नव्या पद्धतीत हे आम्ल वगळून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवण्यात आली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल या गावी (आज हा भाग पाकिस्तानात आहे) पाच बाटल्यांतून १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी ‘५३-एन’ असा क्रमांक असलेल्या एकाच बाटलीतून ज्या १९ जणांना टोचले होते त्या सर्वांना सुमारे आठवड्याने धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले. उरलेल्या ८८ जणांना कोणताही अपाय झाला नाही. बाटलीचे बूच काढताना सहायकाच्या हातातील चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो कार्बोलिकच्या द्रावात नुसता बुचकळून पुन्हा वापरण्यात आला, ही गोष्ट चौकशीत पुढे आली.

एवढ्या तपशिलावरून प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होते. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. त्यांचे बीजाणू कार्बोलिकमध्ये क्षणभर बुचकळल्याने मरत नाहीत. तेव्हा ते जमिनीवरून चिमट्याला, चिमट्यावरून बुचाला आणि बुचावरून लशीला लागले असणे शक्य आहे. त्याचबरोबर, परळच्या प्रयोगशाळेत बाटली भरतानाच ते आत गेले असणेही केवळ तर्काच्या दृष्टीने अशक्य म्हणता येत नाही. म्हणजे चौकशीपुढील खरा प्रश्न स्थळाचा आणि काळाचा होता : जंतू बाटलीत केव्हा आणि कोठे शिरले?

२

सरकारने नेमलेल्या चौकशी मंडळाचे अध्यक्ष मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स हे होते, आणि त्यांच्या जोडीला दोन वैद्यकीय सदस्य होते. न्यायशास्त्र आणि वैद्यक यांचा असा योग त्या काळी क्वचितच जुळून आलेला दिसतो. मंडळाचा निष्कर्ष असा की, बाटली मलकोवालला उघडण्यापूर्वीच ती दूषित झालेली होती. त्याची संभाव्य कारणे म्हणून अपुरे निर्जंतुकीकरण किंवा मोठ्या पात्रातून लहान बाटलीत लस भरताना राहिलेली त्रुटी यांचा निर्देश करण्यात आला, आणि कार्बोलिक वगळण्याच्या निर्णयावर ठपका आला.

या निष्कर्षाचे मर्म त्यातील विधानांच्या क्रमात आहे. पहिले विधान स्थळविषयक : दूषण परळला झाले. दुसरे पद्धतिविषयक : कार्बोलिक वगळणे अयोग्य होते. तिसरे व्यक्तिविषयक : पद्धत ज्यांनी बदलली ते हाफकिन दोषी होत. वाचकास ही तीन विधाने एकाच साखळीतील तीन कड्यांसारखी वाटतात. वस्तुतः त्यांच्यामध्ये दोन मोठ्या उड्या आहेत. अर्धा टक्का कार्बोलिक हे बीजाणूंना मारीत नाही; फार तर ते त्यांची वाढ रोखून धरते. त्यामुळे ‘कार्बोलिक असते तर अपाय टळला असता काय’ हा प्रश्न ‘जंतू कोठे शिरले’ या प्रश्नाहून सर्वस्वी भिन्न ठरतो. जंतू मलकोवालला शिरले असे मानले तरी तो विचारता येतो, आणि परळला शिरले असे मानले तरी विचारता येतो. म्हणून पद्धतीतील बदल हा दूषणाच्या स्थळाचा पुरावा होऊ शकत नाही. अहवालाने मात्र तो बदल स्थळाच्या निर्णयाला जोडून मांडला, आणि वाचकाच्या मनात एकाचे बळ दुसऱ्यास मिळाले.

दुसरी उडी शक्यतेकडून निश्चितीकडे आहे. ‘अपुरे निर्जंतुकीकरण किंवा भरण्यातील त्रुटी’ या पर्यायी मांडणीचा अर्थच असा की, नेमके काय घडले हे मंडळास ठाऊक नव्हते. जी क्रिया कोणती हे ठरलेले नाही तिचा कर्ता मात्र ठरलेला आहे, अशी ही विलक्षण वाक्यरचना आहे. भाषेच्या अभ्यासकाला येथे थांबावे लागते. व्याकरणात क्रियेवाचून कारकसंबंध संभवत नाही. कर्ता हा कोणत्या तरी निश्चित क्रियेचाच कर्ता असतो. अहवालातील कर्ता क्रियेच्या आधी सिद्ध झाला आहे.

परिणाम सर्वश्रुत आहे. हाफकिन यांना परळची प्रयोगशाळा सोडावी लागली. ते ज्यू असल्याने या प्रकरणाची तुलना पुढे फ्रान्समधील ड्रायफस खटल्याशी होऊ लागली.

३

लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटने या प्रश्नाची फेरतपासणी केली. पुढे सर रोनाल्ड रॉस यांनी हाफकिन यांची बाजू उचलून धरली, आणि १९०७च्या जुलैमध्ये रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये प्रसिद्ध झाले. हे पत्र आणि त्यामागचा युक्तिवाद शास्त्रीय लेखनाचा उत्तम नमुना म्हणता येईल. बाटली उघडतेवेळी तिला दुर्गंधी नव्हती. धनुर्वाताचे जंतू जर कित्येक आठवडे आधी शिरले असते तर ते वाढून दुर्गंधी सुटावयास हवी होती. विष आधीपासून भरपूर साचले असते तर लक्षणेही याहून लवकर दिसावयास हवी होती. या दोन्ही मुद्द्यांचे वैशिष्ट्य असे की, ते ‘कोण’ हा प्रश्न बाजूस ठेवून ‘केव्हा’ या प्रश्नाचे उत्तर शोधतात. न्यायवैद्यकाची खरी रीत हीच होय. शवचिकित्सक मृत्यूची वेळ प्रथम ठरवितो. त्या वेळी कोण कोठे होते हे पुढे तपासयंत्रणेने पाहावयाचे असते.

तथापि हे खंडनही चिकित्सेच्या पलीकडचे नाही. हाफकिन यांच्यावरील आरोप केवळ असिद्ध आहे एवढेच न म्हणता तो खोटा ठरला आहे, असे पत्राचे म्हणणे होते. ‘सिद्ध न होणे’ आणि ‘खोटे ठरणे’ यांतील अंतर न्यायालयात फार मोठे असते. गंध आणि काल यांवरचा युक्तिवाद बलवान आहे खरा. परंतु चिमट्यावरून अल्प प्रमाणात गेलेले बीजाणू लशीत इतके सारखे मिसळले कसे की, १९ पैकी एकही जण वाचू नये, ही शंका त्या युक्तिवादानेही पूर्णपणे निवारली जात नाही. पत्राने मलकोवालच्या बाजूने फार बलवान पुरावा आहे असे म्हटले, हे उचितच झाले. त्याच पुराव्याला विरुद्ध बाजूचा निर्णायक निरास मानणे हे थोडे पुढचे पाऊल होते. आरोपाची भाषा जशी पुराव्याच्या पुढे धावली तशी काही अंशी निर्दोषतेची भाषाही धावली. हाफकिन यांना निर्दोष ठरविण्यासाठी ‘असिद्ध’ एवढा शब्द पुरेसा होता. आरोपीवरील आरोप सिद्ध न होणे हीच कायद्याच्या दृष्टीने त्याची निर्दोषता होय.

या पत्रातील एक गोष्ट मात्र विशेष लक्षात ठेवावयास हवी. चिमटा जमिनीवर पडला हे त्यात सांगितले आहे; पण त्याआधी मुंबईच्या प्रयोगशाळेने घालून दिलेली कार्यपद्धती प्लेगच्या अधिकाऱ्यांनी रद्द केली, आणि त्यामुळे चिमटा निर्जंतुक करण्याचे राहिले, असा कार्यकारणाचा क्रमही त्यात दिला आहे. म्हणजे पत्राच्या दृष्टीने मूळ कडी अधिकाऱ्यांच्या निर्णयाची आहे, आणि चिमटा पडणे ही शेवटची कडी आहे.

४

पुढच्या पुनर्कथनात ही साखळी तुटली. हाफकिन यांच्या गौरवपर लेखांतून ही हकीकत पुष्कळदा अशी येते : एका सहायकाने बाटली उघडताना चूक केली, सरकारने हाफकिन यांना दोषी धरले, आणि पुढे ते निर्दोष ठरले. अधिकाऱ्यांचा निर्णय या कथनातून गळून गेला, आणि पहिल्या कर्त्याच्या जागी दुसरा कर्ता येऊन बसला. परळच्या शास्त्रज्ञावरील अन्याय दूर झाला तो मलकोवालच्या सहायकाच्या खांद्यावर ठेवून. त्या सहायकाच्या बाजूने ‘टाइम्स’ला पत्र लिहिणारे कोणी नव्हते. चिमटा ज्वाळेवर धरावा की कार्बोलिकमध्ये बुडवावा, हे ठरविण्याचा अधिकार त्याला नव्हता. चिमटा पडल्यावर त्याने तो द्रावात बुडविला, याचाच अर्थ स्वच्छतेची जी रीत त्याच्यापर्यंत पोहोचली होती ती त्याने पाळली. मग त्याचा दोष नेमका कशाचा?

या ठिकाणी मराठी भाषेची जडणघडण काही साहाय्य करू शकते. ‘चिमटा पडला’, ‘त्याने चिमटा पाडला’ आणि ‘त्याच्या हातून चिमटा पडला’ ही तीन वाक्ये मराठी माणूस एकसारखी समजत नाही. पहिल्यात केवळ घटना आहे. दुसऱ्यात प्रयोजक क्रियापद आहे आणि त्याबरोबर हेतूची, निदान बेफिकिरीची, छाया आहे. तिसऱ्यात व्यक्ती आहे पण हेतू नाही. ‘हातून’ हे पद व्यक्तीला क्रियेचे निमित्त ठरविते, तिचा स्वतंत्र कर्ता ठरवीत नाही. पाणिनीने कर्त्याचे लक्षण स्वातंत्र्य हेच मानले आणि साधनाला करण म्हणून वेगळे काढले. मराठीची ‘हातून’ची रचना या दोहोंच्या सीमेवर उभी आहे. इंग्रजी अहवालाच्या कर्मणी रचनेत कर्ता सहज गाळता येतो. त्यामुळे सोयीस्कर ठिकाणी तो लपतो आणि सोयीस्कर ठिकाणी प्रकट होतो. अधिकाऱ्यांनी पद्धती रद्द ‘केली गेली’, आणि सहायकाने चिमटा ‘पाडला’, असा भेद पुनर्कथनात नकळत रुजतो. उच्चपदस्थांच्या कृती भाववाचक नामांत विरघळतात. हाताखालच्या माणसाची कृती तेवढी सकर्मक क्रियापदाने सांगितली जाते.

शब्दसंग्रहाकडे पाहिले तरी हाच बोध होतो. मराठीत ‘कारणीभूत’, ‘दोषी’, ‘जबाबदार’ असे तीन वेगळे शब्द आहेत. ‘कारणीभूत’ हा शब्द वस्तूला, ऋतूला, जंतूला, कशालाही लागू शकतो. ‘दोषी’ हा केवळ अशा व्यक्तीला लागतो जिने कर्तव्य जाणून किंवा जाणता येण्यासारखे असून ते मोडले. ‘जबाबदार’ या शब्दाच्या मुळाशी ‘जवाब’ आहे. ज्याला जाब विचारता येतो आणि ज्याने उत्तर द्यावयाचे असते तो जबाबदार. एखादा मनुष्य दोषी नसूनही जबाबदार असू शकतो : खात्याचा प्रमुख, संस्थेचा संचालक, औषधाचा उत्पादक. असे असता आजच्या वैद्यकविषयक मराठी लेखनात ‘या रोगास अमुक विषाणू जबाबदार आहे’ अशी वाक्ये सर्रास आढळतात. विषाणू काही जाब देऊ शकत नाही. तो कारणीभूत असतो. हा आक्षेप केवळ शुद्धिवाद्याचा नव्हे. जो शब्द जंतूला लावला गेला तो माणसाला लावताना त्याची धार बोथट होते, आणि माणसाला लावलेला शब्द जंतूला लावताना कारणाच्या शोधात नकळत दोषारोप शिरतो. मलकोवालच्या चौकशीत जे घडले ते हेच.

५

या तीन संकल्पना वेगळ्या ठेवल्या की निर्णय कसे बदलतात हे पुढील दोन प्रकरणांत दिसते. १९३० साली जर्मनीतील ल्युबेक येथे नवजात बालकांना तोंडावाटे बीसीजी लस देण्यात आली आणि सत्तरहून अधिक बालके क्षयाने मरण पावली. त्या प्रयोगशाळेत क्षयाच्या जंतूचा मारक असा एक वाणही ठेवलेला होता. लशीच्या संवर्धनात त्या वाणाचे वैशिष्ट्य असलेले हिरवे रंगद्रव्य आढळले, आणि लस तेथेच दूषित झाली हे प्रत्यक्ष पुराव्याने ठरले. १९३१-३२च्या खटल्यात प्राध्यापक डाइके आणि डॉ. आल्टष्टेट यांना कारावासाची शिक्षा झाली. आरोपींत प्रयोगशाळेतील परिचारिकाही होती. ती निर्दोष सुटली. कारण प्रथम स्वतंत्रपणे सिद्ध झाले, त्यानंतर दोषाचा विचार झाला, आणि दोष ठरविताना कोणाच्या हातात निर्णय होता हे पाहिले गेले. मलकोवालला यांपैकी पहिली पायरीच पक्की झाली नव्हती.

१९५५ साली अमेरिकेत कटर कंपनीच्या पोलिओ लशीत जिवंत विषाणू राहिले, कित्येक मुले पंगू झाली आणि काही दगावली. १९५८ साली कॅलिफोर्नियातील ज्यूरीने कंपनीने निष्काळजीपणा केला नाही असे ठरविले, आणि तरीही सदोष लस विकल्याबद्दल नुकसानभरपाईचे दायित्व तिच्यावर टाकले. दोष नाही, पण दायित्व आहे, असा हा निर्णय होय. मलकोवालच्या १९ कुटुंबांच्या दृष्टीने पाहता हाच मार्ग अधिक न्याय्य ठरला असता. दोषी कोण हा वाद पाच वर्षे चालला. परंतु दोषी ठरो वा न ठरो, सरकारने हाती घेतलेल्या मोहिमेत जे मेले त्यांचा जाब सरकारने द्यावा, ही गोष्ट कोणत्याही जंतुशास्त्रीय निर्णयावर अवलंबून नव्हती. वादाच्या केंद्रस्थानी हाफकिन यांची कीर्ती राहिली. मृतांची नावे राहिली नाहीत.

६

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. ४ फेब्रुवारी १८९७च्या साथरोग कायद्याने सद्‌भावनेने काम करणाऱ्यास संरक्षण दिले होते. जीवघेण्या रोगाचा संसर्ग निष्काळजीपणाने पसरविण्याचा अपराध भारतीय दंडसंहितेच्या कलम २६९मध्ये होता. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम २७१मध्ये आला आहे. या कलमांत ‘जाणणे’ किंवा ‘तसे मानण्यास कारण असणे’ ही अट आहे, आणि ती योग्यच आहे. कारणापासून दोष वेगळा करणारी रेषा तीच. जेकब मॅथ्यू खटल्यात (२००५) सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरावर फौजदारी कारवाई होण्यासाठी निष्काळजीपणा गंभीर स्वरूपाचा असावा असे सांगितले, आणि तज्ज्ञ वैद्यकीय मताची आवश्यकता प्रतिपादिली.

परंतु न्याय संहितेच्या कलम १०६मध्ये मलकोवालची छाया पुन्हा पडलेली दिसते. निष्काळजीपणाने मृत्यू घडविणाऱ्यास या कलमाखाली पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. तीच गोष्ट नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायीकडून उपचार करताना घडल्यास मर्यादा दोन वर्षांची आहे. ही सवलत वैद्यकीय नोंदवहीत ज्याचे नाव आहे त्यालाच मिळते. परिचारिका, लस टोचणारा आरोग्यसेवक, बाटलीचे बूच काढणारा सहायक हे या व्याख्येत बसत नाहीत. एकाच खोलीत, एकाच बाटलीवर, एकाच पद्धतीने काम करणाऱ्या दोघांपैकी ज्याने पद्धत ठरविली त्याची कमाल शिक्षा कमी, आणि ज्याने ती पाळली त्याची अधिक, असा प्रसंग या शब्दरचनेतून उद्भवू शकतो. डॉक्टरास निर्भयपणे काम करता यावे हा सवलतीमागील विचार रास्त आहे. तो हाताखालच्या माणसासही तितकाच लागू पडतो, हे मात्र कलमाच्या भाषेने ओळखलेले नाही.

हाफकिन १९०७नंतर भारतात परतले ते कलकत्त्यास. परळला ते पुन्हा संचालक म्हणून आले नाहीत. १९२५ साली परळच्या संस्थेस त्यांचे नाव मिळाले आणि १९३० साली लोझान येथे त्यांचा मृत्यू झाला. त्यांना झालेली ही भरपाई उशिराची असली तरी खरी आहे. चिकित्सकाचे काम तेवढ्यावर संपत नाही. दुर्घटनेचा अहवाल लिहिणाऱ्याने, आणि तो वाचणाऱ्या अभ्यासकानेही, प्रत्येक वाक्याला तीन प्रश्न विचारावयास हवेत : येथे कारण सांगितले आहे, दोष सांगितला आहे, की दायित्व? सांगितलेली क्रिया निश्चित आहे काय? आणि तिचा म्हणून जो कर्ता दिला आहे तो खरोखर स्वतंत्र होता काय? या प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी मिळत असतील, तर ती वेगवेगळ्या वाक्यांतच लिहिली पाहिजेत.